हातातली चिठ्ठी

आमच्या लग्नात मी उखाणा घेतला नव्हता. विट्याला निनादच्या घरी पोचलो तेव्हा त्याच्या बहिणीनं, प्राचीनं, रीतीप्रमाणे दाराच्या चौकटीवर हात आडवा धरला आणि म्हणाली, "वहिनी, नाव घ्या, मगच आत." माझ्या पाठीमागे साठ माणसं खोळंबलेली. मी म्हटलं, "त्याचं नाव मी दिवसातून पन्नासदा घेते. त्याला यमक कशाला जुळवायला हवं?" आणि तिच्या हाताखालून वाकून सरळ आत गेले. बायका हसल्या. सासूबाई नाही हसल्या. निनादला मात्र ते इतकं आवडलं की पुढं वर्षभर भेटेल त्याला तो ही गोष्ट सांगायचा.

तीन वर्षांनी मी त्याचं नाव घेतलं. पुण्यात, चौकशी समितीसमोर, शपथेवर. बाहेर व्हरांड्यात आल्यावर निनाद एवढंच म्हणाला, "दारात घेतलं नाहीस. इथं घेतलंस."

मी मनवा शेडबाळे. यंत्र उत्तरदायित्व मंडळात सॉफ्टवेअर बघते. मंडळ स्थापन झालं ते लोक वैतागले म्हणून. लिफ्ट, रेल्वेचं फाटक, दवाखान्यातली यंत्रं सगळी प्रोग्रामवर चालायला लागली, आणि माणूस मेला की कंपनी म्हणायची प्रोग्राम चुकला, प्रोग्राम लिहिणारे म्हणायचे चिप चुकली, चिपवाले म्हणायचे वीज गेली असेल. मेलेल्याच्या घरच्यांनी कुणाची गचांडी धरायची? तेव्हा कायदा झाला की जीव ज्याच्यावर अवलंबून आहे अशा प्रत्येक यंत्रात 'मागोवा' नावाचा प्रोग्राम बसवलाच पाहिजे. हा मागोवा मी लिहिला. तो सेकंदाला शंभर वेळा डोकावून बघतो, की या क्षणी यंत्राचा वेळ कोण खातंय आणि त्याला ते काम कुणी सांगितलं. अपघात झाला की या नोंदींचा अहवाल निघतो. अहवालाची शेवटची ओळ असते 'उत्तरदायी' आणि तिच्यापुढं त्या भागावर सही केलेल्या इंजिनिअरचं नाव. आमच्या ऑफिसात त्या ओळीला उखाणा म्हणायचे. "काय, घेतलं का मशीननं नाव?" असं विचारायचे. माणूस मेलेला असायचा आणि आम्ही हे चहा पिता पिता विचारायचो.

मागोवा कसा वाचतो हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रोग्राम म्हणजे एकमेकांना कामं सांगणाऱ्यांची साखळी. एक दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला. काम झाल्यावर परत कुणाकडं जायचं हे विसरू नये म्हणून 'मला अमक्यानं बोलावलं' अशी चिठ्ठी ठेवलेली असते. या चिठ्ठ्या एकीवर एक रचत जातात, मडक्यांच्या उतरंडीसारख्या. मागोवा ही उतरंड वरून खाली वाचतो: बेरीज करतोय कोण, त्याला कुणी सांगितलं, त्या सांगणाऱ्याला कुणी सांगितलं. कोण कुणाचा सांगकाम्या, एवढाच त्याचा प्रश्न. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कचेरीत हा प्रश्न विचारून बघा. उत्तर मिळणार नाही. यंत्रात मिळतं, म्हणून मला यंत्रं आवडायची.

जुन्या परदेशी चिपमध्ये प्रत्येक चिठ्ठी चिप स्वतःच उतरंडीवर ठेवते. मग आपली देशी चिप आली, मेरू. ती हुशार. ती म्हणते, चिठ्ठी आधी हातात धरा, उतरंडीपर्यंत जाण्यात वेळ कशाला घालवायचा? ज्याला पुढं आणखी कुणाला काम सांगायचंय त्यानं आपली चिठ्ठी उतरंडीवर ठेवावी, कारण हात मोकळा लागणार. मेरूवर मागोवा पहिल्यांदा चालवला तेव्हा हात आणि उतरंड दोन्ही वाचल्यामुळं अहवालात एकच नाव लागोपाठ दोनदा यायला लागलं. आमचे प्रमुख हसबनीस सर म्हणाले, "शेडबाळे, हे असं कोर्टात गेलं तर वकील फाडून खातील." मी एक ओळ लिहिली. हातातली चिठ्ठी सोडून द्यायची, उतरंडीवरच्याच धरायच्या. नाव दोनदा यायचं थांबलं, अहवाल देखणा दिसायला लागला. मी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले.

निनाद तेव्हा कोल्हापूरला 'प्राणदा' नावाच्या कंपनीत होता, शनिवार-रविवारी पुण्याला घरी यायचा. ऑपरेशनच्या वेळी रोग्याला श्वास देणारं यंत्र ते बनवायचे, आणि त्यातला मुख्य भाग निनादचा. त्या भागाचं नावच 'श्वास'. फंक्शनांना, म्हणजे साखळीतल्या या कामकऱ्यांना, मराठी नावं ठेवायची खोड आम्हा दोघांना सांगलीच्या कॉलेजातच लागली होती.

सदतीस सालच्या मार्चमध्ये एका ग्रामीण रुग्णालयात एकोणीस वर्षांच्या मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन चाललं होतं. श्रेया मंडले तिचं नाव, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. यंत्रानं चार मिनिटं श्वास दिला नाही. पडद्यावर शेवटचे आकडे तसेच गोठून राहिले, सगळे हिरवे. धोक्याची घंटा वाजवणं हेही त्याच प्रोग्रामचं काम होतं आणि तो अडकून पडलेला. भूलतज्ज्ञ पलीकडच्या टेबलावर होते. कुणाच्या लक्षात येईपर्यंत पोरगी गेली.

मागोव्यानं त्या चार मिनिटांत चोवीस हजार वेळा डोकावलं होतं आणि चोवीस हजार वेळा एकच उतरंड सापडली. वर 'बेरीज', तिच्या खाली 'श्वास'. म्हणजे श्वासानं बेरजेला काम सांगितलं आणि बेरीज संपेचना. उत्तरदायी : निनाद लाड.

मी हसबनीस सरांना सांगितलं की तो माझा नवरा आहे, साक्षीला दुसरं कुणीतरी जाऊ दे. ते म्हणाले, "उलट बरंच आहे. बायको स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध खोटं कशाला बोलेल? तुमच्या साक्षीला वजन येईल."

चौकशी संपेपर्यंत निनाद पुण्याला घरीच राहत होता. त्या आठवड्यात एका सकाळी तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. चहा उतू गेला तरी आम्हा दोघांना कळलं नाही.

"सोळा आकडे आहेत गं ते," तो म्हणाला. "रोग्याचं वजन, वय, श्वास किती द्यायचा, असले. ते बदलले नाहीत ना हे बघायला मी त्यांची बेरीज घेतो. सोळा आकड्यांच्या बेरजेला चार मिनिटं?"

"लांबी चुकीची गेली असेल. सोळाऐवजी सोळा कोटी."

"कशी जाईल?"

"पाठवायच्या आधी लांबी तपासतोस का तू?"

तो ओट्यापासून बाजूला झाला. मग म्हणाला, "नाही तपासत. तपासायची गरजच..."

"झालं तर मग."

"मनू, मी तसं काही केलेलं नाहीये."

"निनाद, चोवीस हजार साक्षीदार आहेत. ते सगळे खोटे आणि तू एकटा खरा? जरा नीट आठवून बघ ना. एखाद्या दिवशी घाईत काही बदललं असशील."

हे मी त्याला रोज म्हणायला लागले. जेवताना, गाडीत, अंथरुणावर पाठ टेकल्यावर. आठव ना. मला वाटायचं मी त्याला मदत करतेय, कबूल केलं तर शिक्षा कमी होईल. दुसऱ्या सुनावणीत त्यानं कबूल केलं. डिसेंबरात एका शुक्रवारी, पुण्याची बस चुकू नये म्हणून घाईत, त्यानं एक बदल केला होता आणि लांबी तपासायची राहून गेली, असं त्यानं स्वच्छ शब्दांत सांगितलं. मला हायसं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

त्याचा परवाना कायमचा रद्द झाला. दोन वर्षं कैद झाली, त्यातले चौदा महिने त्यानं भोगले. सुटल्यावर तो पुण्याला आलाच नाही, विट्याला गेला आणि जळालेल्या पंपांच्या मोटारी भरायचं दुकान टाकलं. घटस्फोटाचे कागद मी पाठवले. त्यानं सही करून परत पाठवले, सोबत एक अक्षरही नाही.

यंदाच्या जूनमध्ये मेरूची नवी आवृत्ती आली. सगळ्या चिपवर मागोवा सारखाच वाचतो असा दाखला मला मंडळाला द्यायचा होता. मी अकरा वाजता, समोर चहा, एक पोरखेळ वाटावा असा छोटा प्रोग्राम लिहिला. तीन फंक्शनं: आजी, आई आणि लेक. आजी आईला हाक मारते, आई लेकीला, आणि लेक कुणालाच हाक न मारता नुसती गिरक्या घेत बसते. जुन्या चिपवर मागोव्यानं वाचलं: लेक, आई, आजी. बरोबर. मेरूवर वाचलं: लेक, आजी.

आई गायब. अहवालाच्या मते लेकीला आजीनंच जन्म दिला होता.

मी आधी हसले. मग पुन्हा चालवलं. चहावर साय धरली. दहा वर्षांत मेरूवर हजारो अहवाल काढले आणि तीन ओळींची ही चाचणी कुणाला सुचली नव्हती, मला तर नाहीच. उतरंडीवर चिठ्ठी ठेवतो तो, ज्याला हात मोकळा करायचाय. लेकीला कुणालाच हाक मारायची नव्हती, मग ती हातातली चिठ्ठी उतरंडीवर कशाला ठेवेल? 'मला आईनं बोलावलं' ही तिची चिठ्ठी तिच्या हातातच होती. आणि हातातली चिठ्ठी सोडून द्यायची, अशी ओळ मी लिहून ठेवली होती. जो शेवटी राबतो, त्याला प्रत्यक्ष कुणी सांगितलं त्याचंच नाव माझा मागोवा गाळत होता आणि त्याच्या वरच्याच्या गळ्यात माळ घालत होता.

दुरुस्ती सोपी होती. प्रत्येक फंक्शन आपली चिठ्ठी केव्हा आणि कुठं ठेवतं याचा तक्ता प्रोग्रामसोबतच येतो. तो बघायचा. चिठ्ठी उतरंडीवर पोचली असेल तर हातातली सोडा, पोचली नसेल तर हातातली वाचा. चौदा ओळी. जेवायच्या सुट्टीआधी लेक, आई, आजी सगळ्या जागच्या जागी आल्या.

बेरीज कुणाला हाक मारते? कुणालाच नाही. ती नुसते आकडे मिळवते. हे मला लगेच आठवलं होतं. खरं सांगायचं तर चौदा ओळी लिहिताना मी दुसरा कसलाच विचार करत नव्हते. मूळ नोंदींत हातातली चिठ्ठीही साठवलेली असते, वाचताना तेवढी गाळली जाते. मी श्रेया मंडलेची नोंद काढली आणि नव्यानं वाचायला लावली.

बेरीज. मोहोर. श्वास.

मोहोर प्राणदाच्या यंत्राची नव्हती. मोहोर मागोव्याची होती. बेरजेचं फंक्शन यंत्रात एकच, श्वासही तिलाच काम सांगायचा आणि मोहोरही. कोर्टात कुणी म्हणू नये की नोंदी मागाहून बदलल्या, म्हणून दर तासाला सगळ्या नोंदींची बेरीज करून ती मोहोरबंद करायची, असं कायद्यात होतं आणि ते फंक्शन मी लिहिलं होतं. श्वासाचा प्रत्येक फेरा मागोव्याला 'मी इथवर आलो' असं कळवायचा, आणि तास भरलेला असेल तर मोहोर तिथल्या तिथं, श्वासाला ताटकळत ठेवून, आपलं काम उरकायची. रोज बंद होणाऱ्या यंत्रात नोंदी थोड्या, बेरीज डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायची. त्या रुग्णालयातलं यंत्र चाळीस दिवस कुणी बंदच केलं नव्हतं. चाळीस दिवसांच्या नोंदींचा ढीग, मोहोर दर तासाला तो पहिल्यापासून मोजणार, आणि त्या दिवशी तास भरला तेव्हा टेबलावर श्रेया होती. मोहोरच्या वर मीच एक शेरा लिहिलेला सापडला, की हे काम श्वासाच्या वाटेत नको, वेगळं करावं. करावं. कुणी, ते लिहिलं नव्हतं.

पडद्याच्या तळाशी शेवटची ओळ आली. उत्तरदायी : मनवा शेडबाळे.

हसबनीस सरांनी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवून शांतपणे वाचले. चष्मा काढून पुसला.

"दुरुस्ती उत्तम आहे," ते म्हणाले. "आजच चढवा. पुढच्या आवृत्तीच्या टिपणात 'किरकोळ सुधारणा' म्हणून लिहा."

"आणि मागचं?"

"मागचं काय?"

"मेरूवरचे एक्केचाळीस निकाल लागलेत सर. माणसं तुरुंगात गेलीत."

"त्यातले सगळे चुकलेत असं तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता?"

"नाही. पण बरोबर आहेत असंही नाही सांगू शकत."

"मग उकरता कशाला? मढी उकरून कुणी जिवंत होत नाही, शेडबाळे. लोकांचा मागोव्यावर विश्वास बसायला दहा वर्षं गेली. तो गेला की पुन्हा कंपन्या मोकळ्या सुटतील, मग कुणालाच न्याय नाही. एका माणसाचा... तुमचा तो आता नवराही नाही."

मला त्यांचा रागसुद्धा धड आला नाही, कारण विश्वासाबद्दल ते बोलले ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, "सर, दारातल्या हाताखालून वाकून जायची मला सवय आहे. यावेळी नाही जाणार." त्यांना अर्थातच काही कळलं नाही. दोन्ही अहवाल आणि माझ्या सहीचं निवेदन मी रीतसर मंडळाच्या आवक खिडकीवर दिलं, पोच घेतली आणि दुसऱ्या दिवशी विट्याची बस धरली.

दुकान बाजारपेठेच्या मागच्या बोळात होतं. वार्निशचा वास बाहेरपर्यंत येत होता. निनाद एका मोटारीच्या खाचांत तांब्याची तार भरत होता आणि ओठांतल्या ओठांत वेढे मोजत होता. त्यानं मला बघितलं, पण मोजणं थांबवलं नाही. मधे बोललं की वेढे चुकतात आणि पुन्हा पहिल्यापासून भरावी लागते, हे मला नंतर कळलं. मी उभी राहिले. "एकशे बारा," तो मोठ्यानं म्हणाला, खडूनं आकडा पाटीवर लिहिला आणि स्टूल माझ्याकडं सरकवलं.

मी सगळं सांगितलं. आजी, आई, लेक. हातातली चिठ्ठी. मोहोर. त्यानं मधे एकच प्रश्न विचारला, "बेरीज शेवटचं पान होती, नाही का? कुणालाच हाक मारत नव्हती." त्याच्या तोंडून कामाचा शब्द ऐकून मला भडभडून आलं.

"तुझी काही चूक नव्हती निनाद. तू म्हणत होतास तेच खरं होतं."

"मी म्हणत होतो?" त्यानं तारेचं टोक पक्कडीनं तोडलं. "मी तर कबूल केलंय."

"ते मी मागं लागले म्हणून."

"तो शुक्रवार मला आठवतो, मनवा. खिडकीतून बस दिसत होती. टेबलावर अर्धी खाल्लेली चकली होती. मी बदल केला, लांबी तपासायची राहिली. मला माझी बोटं दिसतात कीबोर्डवरची. सहा वर्षं रोज दिसतात." तो माझ्याकडं बघत नव्हता. "आता तू म्हणतेस तो शुक्रवार झालाच नाही. मग ही बोटं कुणाची? एवढं सगळं माझ्या डोक्यात आलं कुठून?"

कुठून आलं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"मी निवेदन दिलंय," मी म्हटलं. "परवाना परत मिळेल. नुकसानभरपाई..."

"तिच्या आईकडं जातो मी," तो मधेच म्हणाला. "ढवळेवाडीला. श्रेयाच्या तारखेला, दरवर्षी. तुरुंगातून पत्र पाठवायचो, सुटल्यावर गेलो. पहिल्या वर्षी उज्वलाताईंनी दार लावून घेतलं. दुसऱ्या वर्षी पाणी दिलं. आता त्यांच्या विहिरीवरची मोटार मीच भरून देतो. गेल्या वर्षी त्या म्हणाल्या, एवढी मोठी कंपनी, एवढी साहेबमंडळी, दारात एकटा तू आलास. त्या घरात मला बसायला जागा आहे ती गुन्हेगार म्हणून आहे. नोकरी गेली, तू गेलीस, तेवढी एक राहिली होती. ती पण काढून घ्यायला आलीस?"

"मग काय करू मी? गप्प बसू?"

"ते तू ठरव," तो म्हणाला आणि दुसऱ्या खाचेत तार भरायला लागला. "एक, दोन, तीन." बोलायचं नाही याची ती खूण होती. मी एकशे बारापर्यंत थांबले नाही.

मंडळाचं उत्तर सव्वीस दिवसांनी आलं. एक पान. मी केलेली दुरुस्ती मंजूर करून सर्व यंत्रांत चढवण्यात आली होती. पुढं लिहिलं होतं की, मागोवा हे साधन सदोष असल्याचे आपण स्वतःच आपल्या निवेदनात मान्य केले आहे. सबब सदर साधनाने काढलेला नवा अहवाल पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. मूळ निकाल हा आरोपीच्या स्वेच्छेने दिलेल्या कबुलीजबाबावरही आधारलेला असून अपिलाची मुदत संपली असल्याने तो कायम आहे. खाली हसबनीस सरांची सही होती. आणखी खाली, शाईनं, त्यांच्याच अक्षरात, 'आपल्या प्रामाणिकपणाची नोंद घेण्यात आली आहे.'

मी ते पान तीनदा वाचलं. त्यात एकही वाक्य चुकीचं नव्हतं, आणि असल्या वाक्यांची कला मीच त्यांच्या हाती दिली होती. शेवटी राबणाऱ्याच्या आणि वरच्याच्या मधलं नाव गाळायचं, मग उतरंड कशी स्वच्छ दिसते. मी पानाचा फोटो निनादला पाठवला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. सहा वर्षांतला पहिला.

"रविवारी ये," तो म्हणाला. "ढवळेवाडीला जाऊ. कागदानं नाही होणार ते."

गावाबाहेर दोन खोल्यांचं घर, पुढं पत्र्याची पडवी. उज्वलाताई पन्नाशीच्या आतल्याच, पण केस पांढरे झालेले. निनादची मोटारसायकल ओळखून त्या दारात आल्या होत्या. त्यांच्या मागं भिंतीवर श्रेयाचा फोटो दिसत होता, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र.

"आज कसा काय आलास, निनाद?" त्या म्हणाल्या. "मोटार तर ब्येस चाललीय. आन् ह्या कोन?"

त्यांचा एक हात दाराच्या चौकटीवर होता. तो मुद्दाम अडवायला धरलेला नव्हता, माणूस दारात उभं राहतं तसा सहज धरलेला. निनाद पायरीवरून बाजूला झाला आणि मला पुढं जागा करून दिली.

"घे नाव," तो म्हणाला.

मी घेतलं. माझं. यमक नव्हतं त्याला. "मी मनवा शेडबाळे. श्रेयाच्या यंत्रात जे अडकलं ते मी लिहिलेलं होतं. निनादनं काही केलं नव्हतं. मी समितीपुढं त्याचं नाव सांगितलं ते चुकीचं सांगितलं." सगळं बोलायला अर्धं मिनिट लागलं असेल.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. ओरडतील असं वाटलं होतं, मारतील असंही वाटलं होतं. त्यांनी मान वळवून निनादकडं बघितलं, जणू इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच बघतायत.

"तू न्हाईस?"

"नाही, ताई."

"मग येवढी वर्सं कशापायी येत हुतास रं? माझ्या लेकीच्या फोटूम्होरं बसून रडत हुतास, ते कशापायी?"

निनादनं एकदा माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं.

"हिनं सांगितलं म्हणून," तो म्हणाला.

उज्वलाताईंनी चौकटीवरचा हात काढला नाही.